पीटीएसडीमुळे झोपेत श्वास अडकतो, हे व्हीएला कसं पटवायचं

अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या माझ्या भाच्याने व्हीएकडे, म्हणजे तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याकडे, भरपाई मागितली होती. आलेल्या नकाराच्या पत्रात कारण दोन ओळींत उरकलं होतं. स्लीप अ‍ॅप्नियाचं (झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं) निदान मान्य, पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनाला जडणारा आजार) आधीपासून मान्य, पण एकामुळे दुसरं झालं असं कागदपत्रांवरून दिसत नाही. पत्र टेबलावर ठेवत तो म्हणाला, "मामा, दोन्ही आजार आहेत हे त्यांना कबूल आहे. मग राहिलं काय?"

राहिलं होतं ते दोघांमधलं नातं. या क्लेमची सगळी मेख तिथेच आहे. आजार सिद्ध करायला एका रात्रीची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, पुरते. नातं सिद्ध करायला डोकं लावून कागद तयार करावे लागतात, आणि बहुतेक लोक नेमके तिथे कमी पडतात. भाच्याच्या निमित्ताने मला हे सगळं शिकावं लागलं. अमेरिकेत वाढलेली आणि तिथल्या सैन्यात गेलेली आपली मुलं आता कमी नाहीत. त्यांचे आईवडील ही सरकारी पत्रं हातात धरून गोंधळून बसतात, म्हणून जे कळलं ते सोप्या मराठीत मांडतो आहे.

व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं, डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स. सैन्यातल्या नोकरीमुळे शरीराला किंवा मनाला इजा झाली असेल, तर हे खातं दर महिन्याला भरपाई देतं, आणि तिच्यावर आयकर लागत नाही. इजा नोकरीशी जोडली गेली की तिला 'सर्व्हिस कनेक्टेड' म्हणतात. जोडण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिला थेट: नोकरीत असतानाच त्रास सुरू झाला. दुसरा वळसा घेऊन: नोकरीमुळे एक आजार झाला आणि त्या आजाराने दुसरा ओढवून आणला किंवा वाढवला. या दुसऱ्या रस्त्याला 'सेकंडरी सर्व्हिस कनेक्शन' म्हणतात, आणि त्याचा नियम अमेरिकेच्या केंद्रीय नियमसंग्रहात ३८ सीएफआर ३.३१० या कलमात आहे. गुडघा निकामी झाला, लंगडत चालल्याने कंबर गेली, तर कंबरही सरकारच्या खात्यात जमा, असा तो साधा न्याय आहे.

स्लीप अ‍ॅप्नियाला हा दुसराच रस्ता बहुधा सोयीचा पडतो, कारण नोकरीत असताना याची तपासणी फारशी कोणी करून घेत नाही. बराकीत दहा जण घोरतात, त्यातल्या एकाचा श्वास अडकतो आहे हे कोण बघणार? निदान होतं ते घरी परतल्यावर पाच-सात वर्षांनी, बायको किंवा आई घाबरून डॉक्टरकडे नेते तेव्हा. इथे एक गैरसमजही दूर करतो. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने विषारी धूर आणि रसायनांमुळे होणारे बरेच आजार आपोआप मान्य केले, पण त्या यादीत स्लीप अ‍ॅप्निया नाही. इराकमध्ये जळत्या कचऱ्याच्या धुराजवळ होतो, एवढं सांगून हा क्लेम मंजूर होत नाही.

आता दोन आजारांचा संबंध काय, ते बघू. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांमध्ये ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बंद होते. छाती हवा ओढत राहते, हवा येत नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि माणूस अर्धवट जागा होऊन घशातून मोठा आवाज काढत श्वास घेतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते जड डोकं आणि दिवसभराची पेंग. श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा मंदावला की एक घटना धरतात आणि तासाला अशा किती घटना झाल्या ते मोजतात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. भाच्याचा आकडा चौतीस होता. म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांच्या आत एकदा.

ताई, म्हणजे त्याची आई, त्या दिवसांत त्याच्याकडे राहायला होती. रात्री दारात उभी राहून ती मोजायची. श्वास थांबला की मनातल्या मनात आकडे, आणि तो पुन्हा हवेसाठी धडपडला की हिचाही श्वास सुटायचा. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यात तारखेच्या चौकटीत आपण दुधाचा हिशेब लिहितो तशी तिने टिपणं ठेवली होती: 'रात्री २, पंचवीसपर्यंत मोजलं', 'ओरडून उठला, मग घोरला', 'आज सोफ्यावर, दिवा चालू'. तिने हे कुठल्या क्लेमसाठी केलं नव्हतं. पुढे याच टिपणांचा केवढा उपयोग झाला, ते सांगतोच.

पीटीएसडी झालेल्या माणसाचा मेंदू पहाऱ्यावरून उतरतच नाही. दाराची कडी वाजली, फटाका फुटला, की शरीर उठून तयार. झोप उथळ होते, तुटत राहते, भयंकर स्वप्नं पडतात. जागेपण आणि झोप यांच्यात सारखी ये-जा सुरू राहिली की श्वासाची लयही डळमळते. झोप कमी झाली की भुकेचं गणित बिघडतं. बाहेर पडणं, गर्दीत जाणं, व्यायामशाळेत जाणं बंद होतं. पीटीएसडीवर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी वजन वाढतं. झोप यावी म्हणून कोणी दारूचा आधार घेतो, कोणाला शामक गोळ्या दिल्या जातात; दारू आणि काही शामक गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. वजनाची चरबी मानेभोवती साठली की श्वासाची वाट आणखी अरुंद. उलट दिशेनेही मारा होतोच: रात्रभर गुदमरणारा मेंदू जास्त वाईट स्वप्नं बघतो, आणि पीटीएसडी चिघळतो.

हे दोन आजार एकत्र फार दिसतात. इराक आणि अफगाणिस्तानात जाऊन आलेल्या, व्हीएच्या पीटीएसडी क्लिनिकमध्ये आलेल्या १९५ माजी सैनिकांवरचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६९.२ टक्के लोकांना स्लीप अ‍ॅप्नियाचा मोठा धोका असल्याचं दिसलं, आणि पीटीएसडीची लक्षणं जितकी तीव्र तितका धोका अधिक. मात्र हा आकडा प्रश्नावलीवरून काढलेला आहे, स्लीप स्टडीवरून नव्हे. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. व्हीएचा डॉक्टर नेमकं यावरच बोट ठेवतो. इंटरनेटवरून अभ्यास छापून फाइलला जोडला आणि काम झालं, असं समजू नका. तुमच्या माणसाच्या बाबतीत काय घडलं, ते कोणीतरी डॉक्टरने लिहून द्यावं लागतं.

म्हणजे लागणाऱ्या गोष्टी तीन. स्लीप अ‍ॅप्नियाचं निदान, तेही स्लीप स्टडीचं. नुसतं "घोरतो" म्हणून डॉक्टरने लिहिलेलं चालत नाही. दुसरं, सर्व्हिस कनेक्टेड पीटीएसडी. तो अजून मान्य नसेल तर दोन्ही क्लेम एकाच वेळी टाकता येतात, पण आधी पीटीएसडी मंजूर झाल्याशिवाय त्याच्या खांद्यावर दुसरा आजार उभा राहत नाही. आणि तिसरा तो दुवा, ज्याला या क्षेत्रातली माणसं 'नेक्सस' म्हणतात.

नेक्सस लेटर म्हणजे डॉक्टरचं कारणांसह मत. त्यात एक ठरलेली शब्दयोजना लागते: अ‍ॅट लीस्ट अ‍ॅज लाइकली अ‍ॅज नॉट. अर्थ असा की पीटीएसडीमुळे हा आजार झाला असण्याची शक्यता किमान निम्मी तरी आहे. शंभर टक्के खात्री कोणी मागत नाही. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर कायदा माजी सैनिकाच्या बाजूने कौल देतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात संशयाचा फायदा जवानाला दिला, तोच भाव इथेही आहे. (भारतीय सैन्याच्या अपंगत्व पेन्शनची पद्धत मात्र पूर्ण वेगळी, तिथे मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि भांडण आर्म्ड फोर्सेस ट्रायब्यूनलकडे जातं. साताऱ्याच्या काकांचा अनुभव इथे लावू नका.)

डॉक्टरने "संबंध असू शकतो" असं लिहिलं तर ते पत्र जवळजवळ फुकट गेलं. "असू शकतो" म्हणजे "नसूही शकतो", असं व्हीए वाचतं. पहिल्या वेळी भाच्याच्या डॉक्टरने तसंच एक वाक्य लिहून दिलं होतं. माणूस चांगला, मनापासून मदत करणारा, पण कारण काहीच दिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी आम्ही झोपेच्या तज्ज्ञाकडे सगळी फाइल घेऊन गेलो. सैन्यात भरती होतानाचं वजन, परतल्यावरचं वजन, कोणती औषधं कधी सुरू झाली, त्यानंतर वजन किती वाढलं, भयंकर स्वप्नांच्या नोंदी कोणत्या सालापासून आहेत, सगळं तारखेनिशी. त्या डॉक्टरबाईंनी फाइल वाचली, आणि मी फाइल वाचली आहे असं पत्रात लिहिलंही. मग एकेक पायरी मांडली: या वर्षी पीटीएसडी, या वर्षी हे औषध, पुढच्या दीड वर्षात एवढं वजन, त्यानंतर घोरणं सुरू झाल्याचं आईचं निवेदन, मग स्लीप स्टडी. पत्र दोनच पानांचं होतं. त्याने नकाराचा होकार झाला.

वजनाचा मुद्दा इथे जरा थांबून समजून घ्यायला हवा, कारण नकार बहुतेक वेळा याच दाराने येतो. तपासणारा डॉक्टर लिहितो, "स्लीप अ‍ॅप्नियाचं कारण लठ्ठपणा, पीटीएसडी नव्हे." वाचणाऱ्याला वाटतं, खेळ खलास. पण व्हीएच्या स्वतःच्या कायदा विभागाने २०१७ साली मत दिलं आहे की लठ्ठपणा हा स्वतंत्र अपंगत्वाचा आजार नसला, तरी दोन आजारांमधली पायरी म्हणून तो धरता येतो. त्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरं होकारार्थी हवीत. पीटीएसडीमुळे वजन वाढलं का? त्या वजनाचा स्लीप अ‍ॅप्निया होण्यात मोठा वाटा आहे का? आणि ते वजन नसतं तर हा आजार झालाच नसता का? म्हणजे "लठ्ठपणामुळे झाला" हे उत्तर अर्धंच आहे, आणि लठ्ठपणा कशामुळे आला हे विचारणं बाकी राहतं. नेक्सस लेटरमध्ये हे तिन्ही प्रश्न नावानिशी यायला हवेत.

आणखी एक वाट 'अ‍ॅग्रव्हेशन'ची. स्लीप अ‍ॅप्निया दुसऱ्या कारणाने झाला असेल, उदाहरणार्थ जबड्याची ठेवणच तशी असेल, पण पीटीएसडीने तो वाढवला असेल, तर वाढलेल्या भागापुरती भरपाई मिळू शकते. त्यासाठी आधीची स्थिती काय होती याची वैद्यकीय नोंद लागते. डॉक्टरला पत्रात "झाला" आणि "वाढला" या दोन्हींवर मत द्यायला सांगा. पहिल्यावर नकार आला तरी दुसरा दरवाजा उघडा राहतो.

आता ताईची टिपणं. व्हीए घरच्या माणसांचं, सोबत राहिलेल्या जवानांचं निवेदन पुरावा म्हणून घेतं. त्यासाठी २१-१०२१० क्रमांकाचा फॉर्म आहे. आई किंवा बायको निदान करू शकत नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं सांगू शकते: श्वास थांबताना पाहिला, कधीपासून, किती वेळा, स्वप्नातून ओरडून उठल्यावर काय झालं. "तो खूप त्रासात आहे" याला वजन नाही. "दिवाळीच्या सुमारास रात्री दोनला पंचवीस मोजेपर्यंत श्वास नव्हता" याला आहे. ताईचं इंग्रजी साधं आहे. मी ते सुधारायला गेलो नाही; तिचे शब्द तसेच ठेवले, कालनिर्णयच्या पानांचे फोटो जोडले आणि तिने खाली सही केली. तज्ज्ञ डॉक्टरने आपल्या पत्रात त्याच तारखांचा आधार घेतला.

क्लेम टाकण्याआधी एक काम मात्र आजच करा: 'इंटेंट टू फाइल'. फॉर्म २१-०९६६, ऑनलाइनही होतो, फोनवरही होतो. "मी क्लेम करणार आहे" एवढंच सांगायचं. त्यानंतर पूर्ण अर्ज भरायला एक वर्ष मिळतं, आणि मंजुरी आली की पैसे साधारणपणे या पहिल्या तारखेपासून मोजले जातात. कागद गोळा करण्यात आठ महिने गेले तरी ते आठ महिने बुडत नाहीत. मुख्य अर्ज २१-५२६ईझेड. त्यात स्लीप अ‍ॅप्नियापुढे 'पीटीएसडीमुळे, सेकंडरी' असं स्पष्ट लिहा. नोकरीतच घोरणं सुरू झाल्याचे साक्षीदार असतील तर थेट संबंधही मांडा. दोन्ही मांडायला काही बंदी नाही.

अर्जानंतर व्हीए आपल्या खर्चाने तपासणीला बोलावतं. तिला सी अँड पी (कॉम्पेन्सेशन अँड पेन्शन) तपासणी म्हणतात. तिथे न जाणं म्हणजे स्वतःच्या हाताने क्लेम बुडवणं. तिथे गेल्यावर खरं सांगा, आणि पूर्ण सांगा. आपली मुलं तिथेही शूर होऊन बसतात. "कसा आहेस?" म्हटलं की "ठीक आहे", आणि डॉक्टर तेच लिहून घेतो. गाडी चालवताना डुलकी लागते का, कामावर झोप येते का, झोपताना श्वासाचं मशीन रोज लावता का, ते जसं आहे तसं सांगायचं, वाढवूनही नाही आणि झाकूनही नाही.

आजार किती गंभीर आहे त्यावरून व्हीए अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं, आणि भरपाई तिच्यावर अवलंबून असते. स्लीप अ‍ॅप्नियाचा तक्ता असा. निदान आहे पण लक्षणं नाहीत, तर शून्य टक्के. पैसे नाहीत, पण संबंध नोंदला जातो. दिवसा सतत झोप येत असेल तर ३०. सीपॅपसारखं श्वासाचं मशीन वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक असेल तर ५०. श्वसनक्रिया निकामी होऊन कार्बन डायऑक्साइड साठत असेल, फुप्फुसांमुळे हृदयावर ताण आला असेल किंवा गळ्याला छिद्र पाडावं लागलं असेल, तर १००. बहुतेकांचा मामला ५० वरच येतो. मशीन घरी आहे एवढं पुरत नाही. ते गरजेचं आहे असं डॉक्टरने लिहिलेलं हवं. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हीएने हा तक्ता बदलण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात मशीन असण्यापेक्षा उपचाराने आराम पडतो की नाही याला महत्त्व होतं, आणि उपचाराने पूर्ण बरं वाटणाऱ्याला शून्य. म्हणून अर्ज करताना त्या दिवशी कोणता तक्ता लागू आहे ते क्लेममध्ये मदत करणाऱ्या प्रतिनिधीला (त्यांच्याबद्दल पुढे) विचारा.

पुढे बेरीज, आणि तिथे सगळे चक्रावतात. भाच्याला पीटीएसडीचे ५० होते, स्लीप अ‍ॅप्नियाचे ५० मिळाले. शंभर झाले नाहीत. व्हीए म्हणतं, पहिल्या आजाराने ५० टक्के माणूस गेला, उरला ५०. दुसऱ्या आजाराने उरलेल्याचे ५० टक्के गेले, म्हणजे २५. एकूण ७५, आणि जवळच्या दहावर नेऊन ८०. पीटीएसडी ७० असेल तर उरलेल्या ३० चे निम्मे १५, एकूण ८५, म्हणजे ९०. १ डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनी अवलंबून कोणी नसलेल्या माणसाला ५० टक्क्यांवर महिन्याला ११०२.०४ डॉलर मिळत होते, ८० टक्क्यांवर २०४४.८९. दर साल डिसेंबरात महागाईनुसार बदलतात, आणि बायको-मुलं असतील तर रक्कम वाढते. अजून एक खाच: दम्यासारखा श्वसनाचा आजार आधीच मान्य असेल तर दम्याची आणि स्लीप अ‍ॅप्नियाची टक्केवारी एकत्र जोडत नाहीत. श्वसनाच्या आजारांना मिळून एकच टक्केवारी मिळते.

नकार आला तर पत्राच्या तारखेपासून एक वर्ष हातात असतं. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम; पुरावा तोच, पण निर्णय चुकला असं वाटत असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी; नाहीतर थेट अपील बोर्ड. आम्ही पहिला मार्ग घेतला, कारण आमच्याकडे नवं पत्र होतं. वर्षाच्या आत दाखल केल्यामुळे जुनी तारीख टिकली.

मदत फुकट मिळते, हे ठळकपणे सांगावंसं वाटतं. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स, अमेरिकन लीजन या संस्थांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी क्लेमचं काम पैसे न घेता करतात. बऱ्याच काउंट्यांचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचा, या कामासाठी स्वतःचा अधिकारीही असतो. पहिला अर्ज तयार करून देण्याचे पैसे घ्यायला कायद्याने परवानगी नाही. वकील फी घेऊ शकतो ती पहिल्या निर्णयानंतरच्या कामाची. वाढलेल्या रकमेचे पाच-सहा महिन्यांचे हप्ते आम्हाला द्या, मंजुरी नक्की, असं सांगणाऱ्या कंपन्यांचे फोन भाच्यालाही आले. त्याच्या एका मित्राने तसे हजारो डॉलर दिले, आणि हातात आलं ते नाव बदलून छापलेलं, सगळ्यांना दिलं जाणारं एकच पत्र. डॉक्टरच्या स्वतंत्र मताची फी देणं वेगळं, हे वेगळं.

राहिला श्वासाच्या मशीनचा मास्क. भाच्याने पहिल्या आठवड्यात तीन रात्री मास्क झोपेत ओरबाडून फेकला. तोंडावर काहीतरी घट्ट दाबलं आहे, हवा जोरात आत येते आहे, डोळे मिटलेले. ज्याने सैन्यात असताना जे पाहिलं आहे त्याच्या शरीराला हे सहन होत नाही. पीटीएसडी असलेल्यांमध्ये मशीन सोडून देण्याचं प्रमाण जास्त दिसतं, त्याचं हे एक कारण. त्याने आळस म्हणून स्वतःला दोष दिला, आणि डॉक्टरला सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा पूर्ण चेहऱ्याचा मास्क बदलून नाकपुड्यांवर टेकणारा छोटा मास्क मिळाला. थेरपिस्टने सुचवलं की आधी दिवसा, जागेपणी, मशीन बंद ठेवून लावून बस. मग मशीन सुरू करून. मग दुपारच्या डुलकीला. तो क्रिकेट बघताना मास्क लावून बसायचा, पहिल्या दिवशी दोन षटकं, मग पाच, मग पूर्ण डाव. मशीन किती तास वापरलं याची नोंद आतच राहते आणि ती फाइलमध्ये जाते. त्यामुळे न जमलेल्या रात्रीही डॉक्टरला सांगून नोंदवून घ्या, म्हणजे कमी तासांचं कारण कागदावर राहील. आणि एखाद्या रात्री श्वासापेक्षा विचारच जड झाले, तर अमेरिकेत ९८८ फिरवून १ दाबायचं. तो फोन माजी सैनिकांसाठी चोवीस तास उचलला जातो, आणि त्यासाठी कुठलीही टक्केवारी मंजूर असावी लागत नाही.